खणीच्या काठची रत्नव्वा

नागरी विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, मुलींच्या वसतिगृहापलीकडे, एक खण आहे. दगड काढून झालेल्या खाणीत पाणी साठलं की कोल्हापुरात तिला खण म्हणतात. शहरात अशा बऱ्याच आहेत. आमची तीन बाजूंनी उभ्या कातळाची आणि चौथ्या बाजूला उताराची. पाणी काळं दिसतं, कारण तळाचा दगडच काळा. उतारावर गुलमोहर आणि करंजाची झाडं आहेत, आणि परीक्षा संपत आल्या की मुलंमुली तिथं डबे घेऊन बसतात.

गेली कित्येक वर्षं त्यांना तिथून उठवायचं काम रत्नव्वा करत आली. ती बागकाम विभागातली माळीण. बुटकी, काटक, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, साडीवर पुरुषी सदरा घातलेला. भर दुपारी ती झाडाखालून उठायची आणि काठावर जायची.

"सरा बाळांनो, तितनं सरा. वर वसतिगृहाच्या सावलीला बसा."

आवाज चढवायची नाही, पण पोरं उठेपर्यंत हलायचीही नाही. पोरांनी तिचं नाव सरामावशी ठेवलं होतं. जोडीनं बसलेली पोरंपोरी म्हातारीला खपत नाहीत, असाच सगळ्यांचा समज. माझाही तोच होता.

मी इथं इतिहास शिकवते. माझं नाव विद्याश्री. माहेर गडहिंग्लजकडचं, लिंगायत घर, आजी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलायची. नोकरीला लागल्यापासून मी विद्यापीठाच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये राहते. रत्नव्वाशी ओळख होती ती येता-जाता हसण्यापुरती. तिच्याशी नीट बोलणं झालं ते विद्यापीठाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडल्यावर.

हे विद्यापीठ शहरानं उभं केलेलं. गूळबाजारातल्या अडत्यांनी गुळाच्या रव्या-रव्यामागं, म्हणजे ढेपेमागं, वर्गणी दिली, तालमींनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसा जमवला, फाउंड्रीवाल्यांनी छपराला लोखंड दिलं. घारमाळ नावाचा हा ओसाड माळ नगरपालिकेनं देऊ केला, तेव्हा लोक हसले होते म्हणतात. पोरं शिकायला जाणार की गुरं राखायला, असं. माळावर पाणी नव्हतं. पहिले वर्ग पत्र्याच्या शेडात भरले आणि पाणी शहरातून बैलगाडीनं यायचं. दगड मात्र पायाखालीच होता. इमारतींना लागणारा सगळा दगड माळाच्याच पोटातून निघाला.

जुन्या अहवालांत या खाणीबद्दल एवढंच सापडलं, की बहात्तरच्या दुष्काळात खाणीला अचानक पाणी लागलं आणि विद्यापीठाचा पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला. मला ते पाणी लागताना पाहिलेलं माणूस हवं होतं. बागकाम विभागाचे प्रमुख उदयसिंह मला म्हणाले, "रत्नव्वाला विचारा की. ती त्या खाणीतच वाढलीय."

मी दुपारी तिच्याकडं गेले. ती करंजाखाली भाकरी खाऊन हात धूत होती. मी खणीबद्दल विचारलं, तसं तिनं ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"लिवायला पायजे काय?"

"लिहायचंच आहे."

"मग बसा. पर हितं नगो. जरा वर बसूया."

आम्ही वरच्या पायवाटेच्या कठड्यावर बसलो. कोल्हापुरातल्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलते. आईला अव्वा म्हणते आणि बापाला अप्पा.

त्यांचं गाव संकेश्वराच्या पलीकडं, कोरडवाहू. दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा बाप सिद्धलिंग बायकोला आणि एकुलत्या पोरीला घेऊन इथं दगड फोडायला आला. रत्नव्वा तेव्हा सात-आठ वर्षांची. माळावर मजुरांची वस्ती होती, बांबूला गोणपाट लावून केलेल्या झोपड्यांची. त्यात कन्नड बोलणारं, गळ्यात लिंग बांधणारं घर यांचं एकच.

सिद्धलिंगाला दगडाचं काम येत नव्हतं, पण त्याचा आवाज मोठा होता. मुकादमानं त्याला काठावर उभं केलं. दुपारी जेवणाला माणसं वर आली की खाणीत सुरुंगाचे बार उडवायचे. त्याआधी कुणी खाली राहिलं नाही ना हे बघायचं, लाल फडकं हलवायचं आणि हाळी द्यायची, हे त्याचं काम. तो मराठीत सुरू करायचा आणि घाईत कन्नडावर यायचा.

"बार हाय, बार! दूर सरीरी! दूर सरीरी!"

सरीरी म्हणजे सरका. वस्तीतल्या मराठी माणसांनाही ते कळायचं. बार उडून धुरळा बसला की तोच पुन्हा 'या' म्हणून हाळी द्यायचा, आणि मग माणसं खाली उतरायची.

"त्या दिशी हाळी झाली," रत्नव्वा म्हणाली. "मी अव्वाच्या मांडीवर हुतो, कान झाकून. बार उडाला. रोजच्यापेक्षा मोठा. जमीन हाललेली मला अजून म्हाईत हाय. धुरळा बसला, आनी आम्ही समदी गप बसलो. अप्पा 'या' म्हणील म्हणून. त्यो म्हणलाच न्हाय."

बऱ्याच वेळानं मुकादमानंच जाऊन बघितलं. खाणीची एक बाजू उभीच्या उभी कोसळली होती. काठावर लाल फडकं दगडाखाली दाबून ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवतात तसं. सिद्धलिंग कुठंच नव्हता.

लोकांनी पहारी घेऊन दगड हलवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नव्वाची आई चन्नव्वा कातळाला कान लावून बसली आणि म्हणाली, आतनं आवाज येतोय. बाकीच्यांनीही कान लावले. एक-दोघांना काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. आवाज काय म्हणतोय असं विचारल्यावर चन्नव्वा म्हणाली, सरका म्हणतायत.

"मुकादम म्हणला, बाई, खाणीत आवाज घुमतोय. कालची हाळी तुज्या कानात बसलीय. तिला धरून वर आनलं. आनी सांजच्याला पानी लागलं."

बारानं कुठला तरी झरा मोकळा झाला होता. ढिगाऱ्याच्या बुडातून पाणी यायला लागलं ते थांबेना. सकाळपर्यंत माणूसभर, दोन-चार दिवसांत खाण भरली. दुष्काळात आख्खा माळ तहानलेला. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या. शहरातून मोठी माणसं पाणी बघायला आली, नारळ फोडला, पेढे वाटले. रत्नव्वानंही पेढा खाल्ला.

"गोड लागला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

सिद्धलिंगाचं काय झालं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो काठावर होता हे सगळ्यांनी पाहिलेलं. मग खाली कसा जाईल? हळूहळू वस्तीत बोलणं सुरू झालं, की तो मिरजेला पळाला, तिथं त्याची बाई होती. चन्नव्वानं कुंकू पुसलं नाही आणि गावालाही परत गेली नाही. माणूस इथं आहे, म्हणायची. विद्यापीठाच्या इमारती उठल्या, मजुरांची वस्ती उठली, तरी ती राहिली. झाडांना पाणी घालायच्या कामावर लागली, आणि ती थकल्यावर तिच्या जागी रत्नव्वा आली. रत्नव्वाचं लग्न झालं, नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर. संसार बरा झाला. मुलगी निपाणीला दिली.

"आणि दुपारी पोरांना का उठवता?" मी विचारलं.

ती खणीकडं बघत राहिली. उन्हात पाणी हलत नव्हतं.

"हाळी येती की, म्याडम."

पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती लग्न होऊन नुकती कामाला लागली होती. काठावर खुरपत होती. भर दुपार. मागून हाळी आली, 'दूर सरीरी', आणि ती खुरपं टाकून उताराच्या वरपर्यंत पळत गेली. तिथं पोचल्यावर तिला आठवलं, की खाण बंद होऊन जमाना झाला. बार उडाला नाही. ती बराच वेळ कान झाकून बसून राहिली. बार उडाला असता तर सुटल्यासारखं झालं असतं, असं ती म्हणाली. त्यानंतर कधी वर्षात एकदा, कधी उन्हाळ्यात चार-चारदा. पाणी खाली गेलं की जास्त. आई जिवंत असताना तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, मला रोजच येते.

"कधी काही झालं का तिथं? दगड पडला, कुणी बुडालं?"

"काय न्हाय. आजवर खडा पडला न्हाय."

"मग?"

"मग काय. त्यो सरा म्हणतोय तर सरायचं. कशापायी म्हणतोय ते मी कुनाला इचारू?"

नवऱ्याला काय वाटतं, असं मी विचारलं. ती हसली. "त्यास्नी भट्टीच्या आवाजानं काय ऐकूच येत न्हाय. बेस हाय."

मी हे सगळं टिपून घेतलं, पण हाळीचं पुस्तकात घालायचा विचार नव्हता. बापाची वाट बघत वाढलेलं मूल, आईचं दुःख, त्यातून आलेला भास, असं मी स्वतःला समजावलं. तरी त्यानंतर मी अधूनमधून दुपारी तिच्याजवळ जाऊन बसू लागले.

एकदा फेब्रुवारीत आम्ही अशाच कठड्यावर बसलो होतो. वसतिगृहातून ताटांचा आवाज येत होता, झाडावर साळुंक्या भांडत होत्या. रत्नव्वा मला मुलीच्या बाळंतपणाचं सांगत होती. बोलता-बोलता ती थांबली. तिनं माझं मनगट धरलं आणि मला उठवून पाच-सहा पावलं मागं नेलं. मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं. ताटांचा आवाज नव्हता, साळुंक्यांचाही नव्हता. खणीच्या पाण्यावर, कातळाच्या बुडाशी, एक वर्तुळ उमटलं आणि पसरत आमच्या बाजूला आलं. वारा नव्हता. कुणी दगडही टाकला नव्हता.

"ऐकलं न्हाईसा?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

मग साळुंक्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात खण उपसायचं ठरलं. अनेक वर्षांचा गाळ साठला होता, पाण्याला वास यायला लागला होता. गाळ काढून भोवती भिंत बांधायची, असा बेत. मोठे पंप लागले. पाणी दिवसेंदिवस उतरू लागलं तसं लोक गंमत बघायला यायचे. आधी चपला आणि बाटल्या दिसल्या, मग एक सायकल, मग परीक्षा हॉलमधल्या लोखंडी खुर्च्या. शेवटी कातळाचा तो भाग उघडा पडला, जो रत्नव्वाच्या लहानपणानंतर कुणीच पाहिला नव्हता. एका बाजूला कोसळलेल्या दगडांचा मोठा ढीग, वर शेवाळ वाळून पांढरं पडलेलं.

रत्नव्वा त्या दिवसांत बसायची नाही. उतारावर उभी असायची, खुरपं हातात घेऊन. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. उदयसिंहांनी तिला सुट्टी घे म्हणून सांगितलं, तिनं घेतली नाही. एकच मागणं केलं.

"साहेब, भर दुपारचं मशीन बंद ठेवाय सांगा."

उदयसिंह भला माणूस. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. ठेकेदाराशी बोलतो म्हणाले, आणि बोललेही. काही दिवस दुपारची सुट्टी लांबवली गेली. मग वळवाचे ढग दिसायला लागले, काम उरकायची घाई झाली, आणि पोकलेन दुपारीही चालू राहिलं.

पोकलेन चालवणारा मल्लेश चिकोडीकडचा. तिशीतला, दोन लेकरांचा बाप, कामात मुरलेला. गाळ उचलत उचलत तो त्या ढिगाऱ्यापर्यंत आला होता. खाणीची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. सांगणारं होतंच कोण? रत्नव्वा आणि मी.

त्या दुपारी मी तिथंच होते, पुस्तकात छापायला फोटो हवे होते म्हणून. रत्नव्वा माझ्या शेजारी उभी. मल्लेशनं बकेट ढिगात घातली, उचलली, बाजूला टाकली. पुन्हा घातली. आणि मध्येच इंजिन बंद केलं.

तो केबिनमधून उतरला. घाईनं नाही, वैतागल्यासारखा. इकडंतिकडं बघत उताराकडं चालायला लागला. वरून ठेकेदाराचा माणूस ओरडला, "का रं, काय झालं?"

"कुणीतरी सरी म्हणालालंय की," मल्लेश म्हणाला. "सरीरी, सरीरी. कोण हाय खाली?"

तो उताराच्या पायथ्याशी आला असेल-नसेल, तेवढ्यात मागचा कातळ बसला. बसला असंच म्हणावं लागेल. दमलेला माणूस मटकन खाली बसतो तसा तो वरचा सगळा भाग खाली आला, आणि आवाज नंतर आला. धुरळ्यात काही दिसेना. धुरळा खाली आला तेव्हा पोकलेनची केबिन दगडाखाली चपटी झालेली होती.

मल्लेश त्या केबिनकडं बघत उभा राहिला. मग त्यानं वर आमच्याकडं बघितलं.

"हाळी कोण मारलं?"

ठेकेदाराच्या माणसानं रत्नव्वाकडं बोट केलं. मल्लेशनं मान हलवली.

"ह्या मावशी न्हवं. बाप्याचा आवाज हुता. आनी वरनं न्हाय आला." त्यानं गाळाकडं हात केला. "खालनं आला. बकेटीच्या खालनं."

मी रत्नव्वाकडं वळले. ती हळूच म्हणाली, "मला न्हाय आली." आणि पहिल्यांदाच, मी तिला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा, ती त्या उतारावर खाली बसली.

कातळ कोसळला तिथं मागं एक पोकळी उघडी पडली होती. वाकून माणूस उभा राहील एवढी. आत काय आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाच्या लोकांनी बघितलं आणि पोलिसांना बोलावलं.

एक माणूस होता. हाडंच उरलेली. पाठ दगडाला टेकलेली, पाय पुढं, मान छातीवर. त्याच्या मांडीशी लागून लहान जनावराची हाडं होती आणि त्यात एक पितळी घुंगरू. माणसाच्या छातीच्या हाडांत काळी पडलेली चांदीची डबी अडकली होती, इष्टलिंगाची. पोलिसांनी ती रुमालावर ठेवून रत्नव्वाला दाखवली. तिनं डबीला हात लावला नाही.

"वस्तीत लिंगायताचं घर आमचंच," ती म्हणाली. "दुसरं कुनी न्हवतं."

मग त्यांनी घुंगरू दाखवलं. ते बघून ती हसली. खरंच हसली, आणि हसता-हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"शेळी," ती म्हणाली. "शेजारनीची शेळी. त्याच दिशी हरवलेली. बाईकडं पळाला तर पळाला, जाताना आमची शेळीबी नेला, म्हणून ती मरस्तवर सांगत हुती. अव्वाला किती बोलली. आनी ह्यो शेळीपायी खाली गेलता."

हाळी देऊन झाल्यावर त्याला खाली शेळी दिसली असणार. वात पेटलेली. फडकं दगडाखाली ठेवून तो उतरला, परत चढायला वेळ उरला नाही, आणि शेळीला घेऊन कपारीत शिरला. एवढं सगळ्यांनाच कळलं. पुढचं मी तिला सांगणार नव्हते. हाडं तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला म्हटलं होतं, की एकही हाड मोडलेलं नाही. म्हणजे बारानं तो मेला नव्हता.

पण रत्नव्वाला ते माझ्याआधी कळलं होतं. आम्ही पोलीस ठाण्याच्या बाहेर बाकावर बसलो होतो.

"बसून हाय त्यो," ती म्हणाली. "आमच्यात मेलेल्या मानसाला बसवून पुरत्यात. तुमालाबी म्हाईत हाय. मेल्यालं मानूस आपनहून बसत न्हाय, म्याडम. बसवाय लागतंय."

ती पुढं बोलत राहिली.

"अव्वा म्हणली ते खरं हुतं. आतनं आवाज येत हुता. वर मानसं पहारी घालून दगड काढत हुती. कातळ सुटलाय, कवाबी येणार, हे त्याला आतनं कळलं असंल. त्यास्नी सरा म्हणत हुता. मला काढा म्हणला न्हाय. सरा म्हणला."

मग संध्याकाळी पाणी आलं होतं.

त्या रात्री मी घरी गेले आणि स्वयंपाकघरात पिंपाजवळ उभी राहिले. नोकरीला लागल्यापासून मी याच खणीचं शुद्ध केलेलं पाणी पीत आले होते. वसतिगृहातल्या मुली, प्रयोगशाळा, पदवीदानाला आलेले पाहुणे, सगळेच. शहरातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांच्या अंगात ते पाणी आहे. खण उपसल्यापासून पिंपात टँकरचं पाणी होतं, तरी मी पेला भरला, धरून ठेवला, आणि बेसिनमध्ये ओतला.

पोलिसांचे सोपस्कार होऊन हाडं ताब्यात मिळायला महिनाभर गेला. लिंगायतांच्या रुद्रभूमीत खड्डा घेतला, एका बाजूला कोनाडा कोरला. मठाचे स्वामी आले. सुटी हाडं बसवायची कशी, हा प्रश्न होता. स्वामींनी पांढऱ्या कापडात ती अशी मांडून बांधली, की बसलेलं माणूसच वाटावं. विभूती लावली, बेलाची पानं टाकली, लिंग डाव्या हाताच्या जागी ठेवलं. रत्नव्वाचा नवरा आणि जावई खड्ड्यात उतरले. बागकामातले सहकारी आले होते, उदयसिंह आले होते. मल्लेशही आला होता, चिकोडीहून मोटारसायकलवर, लांब कोपऱ्यात उभा.

माती लोटून झाल्यावर सगळे रत्नव्वाच्या घरी गेलो. तिनं मल्लेशला आत बोलावलं, पाट दिला, ताट वाढलं. तो कन्नडात काहीतरी पुटपुटला, ती कन्नडातच उत्तरली. बापाचं नाव त्यात मला कळलं. मग ती त्याच्यासमोर बसली आणि, बहुतेक मलाही कळावं म्हणून, मराठीत विचारलं.

"आवाज कसा हुता रं?"

मल्लेशनं घास खाली ठेवला.

"म्हाताऱ्या मानसाचा हुता, मावशी. घोगरा. दम लागल्यागत. आमचा आजा शेवटी बोलायचा तसा."

खोलीतली माणसं त्याच्याकडं वळली. बार उडाला त्या दिवशी सिद्धलिंग तिशीचाही नव्हता. ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि मल्लेशला नव्हतं. आपण काय चुकीचं बोललो म्हणून तो एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

"व्हय," रत्नव्वा म्हणाली. "बरोबर हाय. माझ्या लगनानंतर ऐकलो तवा कसा खणखणीत हुता. ह्या चार-पाच वर्सांत बसत चाललावता. मला वाटायचं माझंच कान गेलं." तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "जेव तू. जेव."

तो जेवला. तिनं त्याला आणखी वाढलं.

पुस्तक निघालं. समितीत थोडी चर्चा झाली, पण कुणी आडवं आलं नाही, आणि पाणी लागण्याच्या प्रकरणात सिद्धलिंगाचं नाव, गाव आणि शेळी, सगळं आलं. हाळीबद्दल मी लिहिलं नाही. पोकलेनच्या चालकाला वेळीच धोका जाणवला, एवढंच लिहिलं. छापील पान मी रत्नव्वाला वाचून दाखवलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाणवला न्हाय. सांगितला त्याला." पण बदला असं म्हणाली नाही.

ती निवृत्त झाली. आता निपाणीला मुलीकडं असते जास्त. परवा भेटली तेव्हा मी विचारलं, की तिकडं कधी काही ऐकू येतं का. नाही म्हणाली. चांगलं झोपते. फक्त दुपारी तिला घरात बसवत नाही, कारण नसताना उठून रस्त्यावर येते आणि मुलगी हाक मारेपर्यंत तिथंच उभी राहते.

खणीला भिंत झाली, कोसळलेल्या बाजूला काँक्रीट ओतलं, आणि त्या पावसाळ्यात पाणी पुन्हा वरपर्यंत आलं. मुलंमुली पूर्वीसारखीच तिथं बसतात. रत्नव्वाच्या जागी क्रांती नावाची बाई आली आहे, कळंब्याकडची, हसरी, कामाला चलाख. तिला यातलं काही माहीत नाही, कुणी सांगू नका असं मीच उदयसिंहांना म्हटलं होतं. पहिले काही आठवडे ती खणीच्या उतारावर, करंजाखाली डबा खायची. गेल्या महिन्यापासून ती डबा घेऊन वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसते, खणीकडं पाठ करून.

तिला मी अजून काही विचारलेलं नाही.